ऑझच्या लेखकाचे ते अग्रलेख मुलांसमोर सांगावेत का?

प्रश्न: माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिच्या वाचनमंडळात दर महिन्याला एक पालक आपल्या आवडत्या लेखकाची ओळख करून देतो. या वेळी माझी पाळी आहे आणि मी ‘द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ’ लिहिणाऱ्या एल. फ्रँक बॉम यांच्यावर बोलायचे ठरवले आहे. ‘लेखकाच्या आयुष्यातील थक्क करणाऱ्या गोष्टी’ असे शीर्षकही हौसेने देऊन टाकले. गमतीच्या गोष्टी भरपूर मिळाल्या. पण शोधता शोधता कळले की याच माणसाने आपल्या वृत्तपत्रात अमेरिकेतील मूलनिवासींना नामशेष करावे, असे अग्रलेख लिहिले होते. तेव्हापासून पुस्तक हातात धरवत नाही. यजमान म्हणतात, तेवढे गाळून टाक. मैत्रीण म्हणते, लेखकच बदल. मुलगी मात्र ते पुस्तक तिसऱ्यांदा वाचते आहे आणि तिला यातले काहीच ठाऊक नाही. मी काय करावे? जमवलेल्या गोष्टींची यादी सोबत जोडली आहे.

उत्तर: सप्रेम नमस्कार.

लेखक बदलू नका आणि अग्रलेख गाळूही नका. मात्र आपल्या यादीची रचना बदलावी लागेल, कारण आज ती जशी आहे तशी वाचून दाखवली, तर अग्रलेखांची गोष्ट कोंबड्यांच्या आणि पेन्सिलीच्या गोष्टींमध्ये सापडेल आणि तिचीही गंमतच होऊन बसेल. ‘थक्क करणाऱ्या गोष्टी’ या प्रकारात प्रत्येक गोष्ट सुटी असते, तिला मागचे-पुढचे काही नसते. आणि बॉम यांच्या बाबतीत तर हे मागचे-पुढचेच महत्त्वाचे आहे.

आधी यादीतली दोन कलमे खोडावीत. ऑझची कथा म्हणजे त्या काळच्या अमेरिकी राजकारणावरचे छुपे रूपक आहे, चंदेरी बूट म्हणजे चांदीचे चलन आणि पिवळ्या विटांचा रस्ता म्हणजे सोने, हे आपण ‘लेखकाचे गुपित’ म्हणून लिहिले आहे. ते गुपित लेखकाचे नाही. बॉम यांच्या मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनी, १९६४ मध्ये, हेन्री लिटलफिल्ड नावाच्या एका शाळाशिक्षकाने लेख लिहून ही सांगड घातली आणि ती इतकी चपखल वाटली की पुढे पाठ्यपुस्तकांतसुद्धा शिरली. बॉम यांच्या मनात असे काही होते याला आधार नाही, हे पुढे खुद्द लिटलफिल्ड यांनीच मान्य केले. दुसरे कलम कोटाचे. ऑझवरच्या १९३९ च्या चित्रपटासाठी जुन्या कपड्यांतून आणलेल्या एका कोटाच्या खिशात बॉम यांचेच नाव निघाले, ही कथा ऐकायला फार गोड आहे. पण ती चित्रपटाच्या प्रसिद्धीबरोबर पसरलेली आहे, आणि प्रसिद्धी विभागाच्या गोड कथांवर आपण मुलांसमोर आपला शब्द पणाला लावू नये.

आता जे राहते तेही थोडे नाही. बॉम यांचा जन्म १८५६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील चिटेनँगो या गावी झाला. वडिलांनी खनिज तेलाच्या धंद्यात पैसा मिळवलेला होता आणि मुलाला हौसेखातर छोटे छपाई यंत्र घेऊन दिले होते. हा मुलगा मोठेपणी आलटूनपालटून नट, नाटककार, वंगणाचा विक्रेता, दुकानदार, संपादक आणि फिरता विक्री प्रतिनिधी झाला. शोभेच्या कोंबड्या पाळण्याचा त्यांना नाद होता आणि १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे पहिले पुस्तक हॅम्बर्ग जातीच्या कोंबड्यांवरच आहे. (परीकथाकाराचे पहिले पुस्तक कुक्कुटपालनावरचे, हे वाक्य मुलांना हमखास हसवेल, ते सुरुवातीलाच खर्च करावे.) वंगणाच्या धंद्यावरून टिनच्या लाकूडतोड्याच्या तेलाच्या डब्याकडे जाता येते, पण तिथे फार रेंगाळू नये, कारण तसा संबंध आपणच जोडतो आहोत.

माझ्या मते या आयुष्यातला सर्वांत रंजक धागा आपल्या यादीत केवळ एका ओळीत आला आहे, तो म्हणजे दुकानांच्या शोकेसचा. शिकागोत १८९७ पासून बॉम ‘द शो विंडो’ नावाचे एक व्यापारी मासिक चालवत होते. दुकानाच्या दर्शनी काचेआड माल कसा मांडावा, रस्त्याने जाणाऱ्या माणसाचे पाऊल कसे थबकवावे, यांत्रिक हालचाल, दिवे आणि आरसे यांचा उपयोग कसा करावा, एवढाच त्या मासिकाचा विषय होता. याच विषयावरचे त्यांचे पुस्तक १९०० मध्ये निघाले, म्हणजे ऑझ ज्या वर्षी निघाले त्याच वर्षी. त्यात जिवंत स्त्रीचा फक्त कमरेवरचा भाग दिसावा, मग तीच स्त्री नाहीशी व्हावी आणि थोड्या वेळाने नवी टोपी घालून पुन्हा प्रकट व्हावी, असल्या करामतींचीही माहिती आहे.

हे लक्षात ठेवून ऑझचे ते प्रकरण पुन्हा उघडा. कथेची नायिका डोरोथी आणि तिचे तीन सोबती ऑझच्या जादूगाराला भेटायला जातात. डोरोथीला जादूगार एक प्रचंड मस्तक म्हणून दिसतो, बुजगावण्याला सुंदर स्त्री म्हणून, टिनच्या लाकूडतोड्याला भयंकर श्वापद म्हणून आणि सिंहाला आगीचा गोळा म्हणून. आणि शेवटी पडदा आडवा होतो तेव्हा मागे एक टक्कल पडलेला, बुटका, म्हातारा माणूस उभा असतो, ज्याने हे सारे कागद, कातडी आणि दोऱ्या यांच्या मदतीने घडवलेले असते. त्याहून मजेदार भाग चष्म्यांचा आहे. पाचूनगरीत, म्हणजे जादूगाराच्या राजधानीत, शिरणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर द्वारपाल हिरव्या काचांचा चष्मा चढवतो आणि मागून कुलूप लावून टाकतो. नगर हिरवे दिसते ते त्यामुळे. पुढे जादूगार स्वतःच कबूल करतो की हे शहर इतर शहरांपेक्षा जास्त हिरवे नाही. चित्रपटात हा चष्मा नाही, त्यामुळे ज्यांनी फक्त चित्रपट पाहिला आहे त्यांना हे माहीत नसते. लोकांना जे पाहायचे आहे ते काचेतून कसे दाखवावे, याचा धंदा करणाऱ्या माणसाने हे लिहिले आहे, एवढे सांगितले की नऊ-दहा वर्षांच्या मुलालाही त्यातली मेख कळते. आपल्या बोलण्याचा सर्वांत मोठा भाग या शोकेसला आणि चष्म्याला द्यावा, असे मी सुचवेन.

यादीतली पेन्सिलही ठेवावी. हस्तलिखित पुरे झाल्यावर बॉम यांनी झिजून उरलेला पेन्सिलीचा तुकडा चौकटीत बसवून भिंतीवर लावला आणि या पेन्सिलीने आपण ‘द एमराल्ड सिटी’चे हस्तलिखित लिहिले, ते ९ ऑक्टोबर १८९९ रोजी संपले, अशी नोंद सोबत केली. पुस्तकाचे त्या वेळचे नाव तेच होते. त्यांच्या टोपणनावांची गंमतही सांगता येईल: ‘ईडिथ व्हॅन डाइन’ या बाईच्या नावाने त्यांनी मुलींसाठी लिहिलेली कादंबरीमाला चांगली खपत असे. १९०८ मध्ये हाताने रंगवलेल्या चित्रफिती, पारदर्शिका, नट आणि वाद्यवृंद घेऊन त्यांनी ऑझचा एक फिरता प्रयोग काढला. प्रेक्षक आले, पण खर्च त्याहून वेगाने वाढला आणि १९११ मध्ये त्यांनी दिवाळे जाहीर केले. ऑझ मालिका १९१० मध्येच संपवल्याचे त्यांनी सांगितले होते. १९१३ मध्ये ते मुकाट्याने पुन्हा ऑझकडे वळले. त्यांच्या हातच्या ऑझ कादंबऱ्या चौदा आहेत, त्यांतली शेवटची त्यांच्या मृत्यूनंतर, १९२० मध्ये निघाली. हे सारे चार-पाच वाक्यांत आटोपता येते.

आता डाकोटाकडे वळू. आपल्याला बोचते आहे ते तिथे घडले.

१८८८ मध्ये बॉम कुटुंब डाकोटा प्रदेशातील अ‍ॅबर्डीन या नव्या, रेल्वेमुळे वाढलेल्या गावी गेले. तिथे त्यांनी ‘बॉम्स बझार’ नावाचे दुकान काढले. खेळणी, चिनी मातीची भांडी, कंदील, मिठाई असा माल होता आणि उधारी देताना हात सैल होता. दुष्काळ पडला, उधारी बुडाली आणि १८९० च्या सुरुवातीला दुकान बंद झाले. त्यानंतर त्यांनी ‘अ‍ॅबर्डीन सॅटरडे पायोनियर’ हे साप्ताहिक घेतले. कादंबरीच्या पहिल्या प्रकरणातला तो करडा प्रदेश, जिथे गवत, घर आणि काका-काकूंचे चेहरेसुद्धा उन्हाने करडे झाले आहेत, त्याला नाव कॅन्सासचे आहे. पण असा दुष्काळ बॉम यांनी पाहिला होता तो डाकोटात.

या गावाचे सारे अस्तित्व नव्याने येणाऱ्या गोऱ्या वसाहतवाल्यांवर अवलंबून होते आणि ते येत होते ती जमीन लकोटा व इतर मूलनिवासींकडून काढून घेतलेली होती. १८८९ मध्येच त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या मोठ्या प्रदेशाचे तुकडे करून लाखो एकर जमीन बाहेरच्यांना खुली करण्यात आली होती. १८९० च्या अखेरीस मूलनिवासींचा उठाव होणार अशी आवई उठली. इथे एक गोष्ट मुद्दाम पाहण्यासारखी आहे: नोव्हेंबरच्या अखेरीस बॉम यांनी आपल्या वृत्तपत्रात या आवईची टर उडवली होती आणि भडक मथळे देऊन लोकांना पळवून लावणाऱ्या वृत्तपत्रांना झापले होते. म्हणजे भीती खोटी आहे हे त्यांना कळत होते. १५ डिसेंबरला लकोटांचा नेता सिटिंग बुल याला अटक करताना ठार मारण्यात आले आणि २० डिसेंबरच्या अंकात बॉम यांनी लिहिले की सिटिंग बुलबरोबर त्या लोकांचा स्वाभिमान संपला, उरलेले लोक लाचार आहेत, आणि सरहद्दीवरच्या वस्त्यांची सुरक्षितता त्यांच्या संपूर्ण नाशातच आहे. २९ डिसेंबरला साउथ डाकोटातील वुंडेड नी येथे अमेरिकी सैन्याने किमान दीडशे, काही अंदाजांनुसार तीनशेच्या आसपास लकोटांना ठार मारले. त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. त्यानंतर ३ जानेवारी १८९१ च्या अंकात बॉम यांनी पुन्हा तेच लिहिले, आणि या वेळी अधिक उघडपणे: शतकानुशतके आपण त्यांच्यावर अन्याय केला आहे, तेव्हा आपल्या संस्कृतीच्या रक्षणासाठी आणखी एक अन्याय करून त्यांना पुसून टाकावे.

हा लेख उपरोधाने लिहिलेला आहे असे बचावाचे म्हणणे काही अभ्यासक मांडतात. मला ते पटत नाही. बॉम यांना उपरोध उत्तम साधत असे, त्यांचे ‘अवर लँडलेडी’ हे सदर याच वृत्तपत्रात चालत होते. पण दोन आठवड्यांच्या अंतराने, दोन खऱ्या हत्यांच्या पाठोपाठ, तीच मागणी तशाच सुरात केली जाते, तेव्हा तिला उपरोध म्हणण्यासाठी वाचकाला स्वतःहून बरेच काही भरावे लागते. अन्यायाची कबुली त्यात आहे हे खरे. ती कबुली लेख सौम्य करत नाही; अन्याय आहे हे ठाऊक असून तो करावा, असे त्यात म्हटले आहे.

‘तो काळच तसा होता’ हे उत्तर आपल्या यजमानांनी सुचवले नसले, तरी कार्यक्रमात एखादा पालक हमखास देईल, म्हणून त्याची तयारी ठेवा. इथे बॉम यांच्या सासूबाई उपयोगी पडतात, आणि आपल्या यादीत त्यांचे नाव नाही याचे मला खरोखर आश्चर्य वाटले. मटिल्डा जोसलिन गेज या अमेरिकेतील स्त्री-मताधिकाराच्या चळवळीतल्या आघाडीच्या नेत्या होत्या. एलिझाबेथ केडी स्टँटन आणि सुसान बी. अँथनी यांच्यासह त्यांनी त्या चळवळीच्या इतिहासाचे पहिले खंड सिद्ध केले. मूलनिवासींशी केलेले करार सरकार मोडते आहे, असे त्यांनी १८७० च्या दशकातच आपल्या वृत्तपत्रात लिहिले होते. मूलनिवासी इरोक्वॉय समाजात स्त्रियांना असलेल्या अधिकारांचा त्यांनी अभ्यास केला आणि १८९३ मध्ये त्याच समाजातल्या मोहॉक लोकांनी त्यांना आपल्या लांडगा कुळात दत्तक घेतले. सारांश, त्याच काळात, त्याच देशात आणि त्याच कुटुंबात दुसरे मत होते, छापील होते, आणि ते जावयाच्या कानावर गेले नसेल असे मानणे कठीण आहे.

शिवाय याच सासूबाईंनी बॉम यांना, मुलांना सांगता त्या गोष्टी लिहून काढा, असा आग्रह केला होता. १८९८ मध्ये शिकागोतील बॉम यांच्याच घरी त्यांचे निधन झाले. ऑझ त्यांनी पाहिले नाही. स्त्रियांच्या बाबतीत जावयावर त्यांचा परिणाम स्पष्ट दिसतो. अ‍ॅबर्डीनमध्ये बॉम मताधिकार मंडळाचे चिटणीस होते आणि १८९० च्या नोव्हेंबरात साउथ डाकोटात या प्रश्नावर मतदान झाले तेव्हा त्यांचे वृत्तपत्र स्त्रियांच्या बाजूने उभे होते. प्रस्ताव पडला. त्यानंतर दोन महिने उलटण्याच्या आत ते दोन अग्रलेख निघाले. १९०४ च्या दुसऱ्या ऑझ कादंबरीत विणकामाच्या सुया घेऊन राजधानी काबीज करणारी मुलींची फौज आहे. त्या फौजेची बॉम थट्टा करतात. पण त्याच कादंबरीत टिप नावाचा मुलगा खरे तर चेटकिणीने रूप बदललेली राजकन्या ओझ्मा आहे असे उघड होते, आणि पुढे सगळ्या ऑझवर तीच राज्य करते. एकाच माणसाला एका अन्यायाबाबत इतके दिसावे आणि दुसऱ्याबाबत दिसूनही त्याने तो वाढवावा, हे आपल्या शीर्षकातल्या ‘थक्क करणाऱ्या’ या शब्दाला कोंबड्यांपेक्षा जास्त साजेसे आहे. म्हणून शीर्षक बदलायचे कारण नाही.

मुलांसमोर हे कसे सांगावे? नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांना हत्याकांडाचे तपशील देऊ नयेत आणि अग्रलेखातली वाक्ये वाचूनही दाखवू नयेत. त्या शब्दांतली तुच्छता लहान मुलांच्या लक्षात राहते आणि संदर्भ विसरला जातो. साधी, पूर्ण वाक्ये वापरा. बॉम ज्या गावी राहत होते तिथली जमीन लकोटा लोकांची होती. ती त्यांच्याकडून काढून घेतली गेली. सैन्याने लकोटांच्या अनेक माणसांना मारले. आणि बॉम यांनी आपल्या वृत्तपत्रात या माणसांना संपवून टाकावे असे लिहिले. त्यांच्या घरातल्याच एका बाईंना हे चूक आहे असे वाटत होते. एवढे सांगून थांबा आणि ‘पण पुढे त्यांनी किती सुंदर पुस्तक लिहिले’ हे वाक्य त्याला जोडू नका. ‘पण’ने सुरू होणारे ते वाक्य आधीचे सगळे धुऊन टाकते, आणि ती लबाडी मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर कळते. क्रमही महत्त्वाचा आहे. आधी कोंबड्या, मग दुकान आणि दुष्काळ, मग वृत्तपत्र, मग सासूबाई, मग शिकागोचे शोकेस आणि पुस्तक, असे कालक्रमाने गेलात तर अग्रलेख आपोआप आयुष्याच्या मध्यावर येतात. शेवटी धक्का म्हणून ते आले तर कार्यक्रम निवाड्याचा होईल, आणि तो आपला हेतू नाही.

पालकांसाठी तारखा आणि अधिक तपशील हाताशी ठेवा. कोणी विचारले तर सांगा, कोणी वाद घातला तर सासूबाईंचा दाखला द्या, आणि मुलांसमोर वाद लांबू देऊ नका.

मैत्रिणीच्या सूचनेबद्दल एवढेच म्हणेन की लेखक बदलल्याने आपली एक संध्याकाळ सुखाची जाईल. पण आपल्या घरात ते पुस्तक तिसऱ्यांदा वाचले जातेच आहे. पुस्तक काढून घेण्याचा विचार आपल्या पत्रात नाही हे बरे आहे. ऑझच्या प्रस्तावनेत बॉम यांनी लिहिले आहे की जुन्या परीकथांतला आनंद ठेवून त्यांतले दुःख आणि भयस्वप्ने आपण वगळली आहेत. हे अग्रलेख माहीत असलेल्या वाचकाला ते वाक्य वेगळे वाटणारच. मुलगी आणखी थोडी मोठी झाली की प्रस्तावना आणि अग्रलेख शेजारी ठेवून वाचण्याइतकी ती तयार होईल.

राहिला आपल्या मुलीचा प्रश्न. तिला हे मंडळात, मैत्रिणींच्या देखत, पहिल्यांदा ऐकायला लावू नका. कार्यक्रमाच्या काही दिवस आधी घरीच सांगा, आणि सांगताना पुस्तक तिच्याकडेच असू द्या. ती बहुधा विचारेल की मग त्यांनी नंतर माफी मागितली का. बॉम यांनी ते लेखन जाहीरपणे मागे घेतल्याची नोंद नाही. १९१९ मध्ये हॉलीवूडमधील घरी त्यांचे निधन झाले. मात्र २००६ मध्ये त्यांच्या वंशजांपैकी दोघांनी त्या अग्रलेखांबद्दल लकोटा ज्या मोठ्या मूलनिवासी समूहात मोडतात त्या सर्व सू लोकांची माफी मागितली. हे तिला सांगा, आणि तिची हरकत नसेल तर कार्यक्रमात हा भाग तिलाच बोलू द्या.